वाळपई-सांग्याकडून बांबोळीपर्यंत: घरातलं माणूस आजारी पडलं तर काय तयारी ठेवायची, कुठं जायचं

गोव्याबद्दल बाहेरचे लोक नेहमी म्हणतात, एवढंसं तुमचं राज्य, तुम्हाला कसली अडचण. आकडे पण तसेच छान दिसतात, २०११ च्या जनगणनेत ६२ टक्के लोक शहरी भागात राहणारे आणि नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालात गोव्यातली गरिबी १ टक्क्याच्याही खाली. पण नेत्रावळीच्या वर साळजिणी-तुडवला जाऊन बघा, किंवा आमच्या सत्तरी तालुक्यात सुर्ला, करंझोळ बाजूला या. पणजीतल्या माणसाला बांबोळी, म्हणजे तिथलं सरकारी गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल (जीएमसी), पंधरा-वीस मिनिटांवर, आणि वरच्या गावातल्या माणसाला तीच बांबोळी म्हणजे अख्खा दिवस, त्या दिवसाची मजुरी गेली, पेशंटचं आणि सोबत आलेल्याचं दोघांचं बसभाडं, बाहेरचं खाणं, आणि एवढं करून एखादा कागद घरी राहिला तर परत तेच सगळं पहिल्यापासून. मग लोक काय करतात, दुखणं अंगावर काढतात. खाण बंद झाल्यापासून तर हे जास्तच दिसतं, २०१२ ला एकदा आणि सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये परत, तेव्हा ज्यांचे ट्रक होते, गॅरेज होतं, रस्त्याकडेला चहाचं हॉटेल होतं त्यांची कमाई गेली. आधी बिनधास्त खाजगी डॉक्टरकडे जाणारी घरं आता दहादा विचार करतात, आणि त्या विचारात दिवस जातात.

मी वाळपईकडची, घरच्यांना आणि शेजारपाजारच्यांना घेऊन हॉस्पिटलात जाणं चालूच असतं. जे बघत आलेय ते सगळं एका ठिकाणी लिहितेय, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी आजार यायच्या आधीच करून ठेवता येतात आणि त्या केल्या नसल्या की ऐन वेळी फार हाल होतात.

आधी फाईल

आजच एक प्लास्टिकची बटणवाली फाईल घ्या, पावसात भिजणार नाही अशी, आणि घरातल्या प्रत्येक माणसाची वेगळी करा. त्यात आधार, रेशनकार्डची झेरॉक्स, दीनदयाळचं कार्ड, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, आणि आता चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी स्ट्रीप. ही स्ट्रीप फार महत्त्वाची. एकदा ओपीडीत आमच्या पुढे एक काकी होत्या, डॉक्टरनी विचारलं कुठल्या गोळ्या घेता, त्या म्हणाल्या एक पांढरी सकाळी आणि एक बारीक गुलाबी रात्री. आता यावरून डॉक्टरला काय कळणार, पांढऱ्या गोळ्या शंभर. त्यांच्या पिशवीत सगळं होतं, चष्मा होता, पाण्याची बाटली होती, डबा होता, फक्त स्ट्रीप नव्हती, आणि शेवटी घरी पोराला फोन लावून त्याच्याकडून स्पेलिंग वाचून घेतलं, तेही रेंज मिळाली म्हणून.

दीनदयाळ म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, २०१६ पासून आहे. गोव्यात पाच वर्षं किंवा जास्त राहणाऱ्या कुटुंबाला मिळते, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर ४ लाखांचं कव्हर. उत्पन्नाची अट नाही, म्हणजे दारिद्र्यरेषेचा दाखला लागतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सरकारी नोकरीत असलेल्यांना मात्र त्यांची वेगळी सोय असते. कार्ड काढलं म्हणजे झालं असं नाही हां, त्याची मुदत बघा, रिन्यू केलंय का बघा, आणि लग्न होऊन आलेली सून, नवीन जन्मलेलं मूल ही नावं चढलीत का ते बघा. बहुतेक घरांत गडबड इथंच होते, कार्ड असतं पण ज्याचं ऑपरेशन आहे त्याचंच नाव नसतं. खाजगी हॉस्पिटलात ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या डेस्कवर कार्ड दाखवून सरळ विचारा की आमचं ऑपरेशन यात बसतं का, जीएमसीची परवानगी लागते का, आणि वरचे किती पैसे आमच्या खिशातून जाणार. ॲडमिट झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

घरात ७० वर्षांच्या वरचं कोणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या वरच्या सगळ्यांना मिळतं, श्रीमंत-गरीब काही बघत नाहीत, ५ लाखांपर्यंत. आधार लागतं, आणि आधारला मोबाईल नंबर जोडलेला असला तर काम पटकन होतं. आजी-आजोबांचा नंबर बहुतेक वेळा बंद पडलेला असतो, तो आधी बदलून घ्या.

राहण्याचा पुरावा फाईलमध्ये असलाच पाहिजे. जानेवारी २०१८ पासून जीएमसीत गोव्याबाहेरच्या पेशंटकडून फी घेतात, त्यामुळे दोडामार्ग, सावंतवाडीचे आपले पाहुणे इथं उपचाराला येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, थोडे पैसे आणि त्यांच्याकडची योजनेची कार्डं घेऊनच या म्हणून.

कुठल्या दुखण्याला कुठं

सगळ्यालाच बांबोळी लागत नाही, आणि हे जर लोकांनी मनावर घेतलं तर निम्मी पायपीट वाचेल. गावाजवळ सबसेंटर असतं, डोंगराळ भागात साधारण तीन हजार लोकांमागे एक असं सरकारचं प्रमाण आहे, तिथं एएनएम सिस्टर, म्हणजे गावासाठी नेमलेली नर्स, असते. महाराष्ट्रात गावोगाव आशाताई असते, आपल्याकडे ती सगळी कामं ही सिस्टर आणि अंगणवाडी ताई बघतात, म्हणून या दोघींचे मोबाईल नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बीपी मोजणं, लसी, जखमेची पट्टी, गरोदर बाईची नोंद, एवढं इथं होतं.

त्याच्या वर पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, पिळये, कासारवर्णे अशी. ताप, खोकला, शुगर, रक्त तपासणी, थुंकी तपासणी यासाठी इथं या. टीबी निघाला तर औषधं फुकट असतात, आणि सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये बँकेत येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते, ते मागून घ्यायचे, लाजायचं नाही. त्याच्या वर सीएचसी, म्हणजे सामुदायिक आरोग्य केंद्र, आमचं वाळपईचं, तिकडे कुडचडे, काणकोण. मग म्हापसा आणि मडगावची जिल्हा हॉस्पिटलं, फोंड्याचं उपजिल्हा, आणि सगळ्यात वर बांबोळी. डायालिसिस जिल्हा हॉस्पिटलात होतं, काही सीएचसींतही होतं, तेव्हा आठवड्यातून दोन-तीन दिवस बांबोळीला खेपा घालत असाल तर जवळ कुठं जागा आहे का ते डॉक्टरना विचारून बघा.

एक फायदा लोकांना माहीत नसतो, पीएचसीतून चिठ्ठी घेऊन वर गेलं की वरच्या डॉक्टरला आधीचं सगळं एका नजरेत कळतं आणि त्याच तपासण्या परत करायला लागत नाहीत. चिठ्ठीवर तारीख आणि शिक्का आहे का बघूनच बाहेर पडा.

छातीत दुखलं तर

हे मी थोडं लांबवून लिहिणार आहे कारण याच्यात माणसं जातात. छातीत दाबल्यासारखं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, तर गॅस म्हणून सोडा पिऊन बसायचं नाही. शुगरवाल्याला कधी कधी दुखतच नाही, नुसती धाप लागते आणि गळून गेल्यासारखं होतं, ते पण तेवढंच गंभीर.

अशा वेळी आपले लोक काय करतात, शेजाऱ्याची गाडी काढतात आणि थेट बांबोळी गाठायला बघतात. सुर्ल्याहून निघालात तर चोर्ला घाट, वळणं, पुढं ट्रॅफिक, तास-दीड तास वाटेतच जातो आणि तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो. गोव्यात हार्ट अटॅकच्या पेशंटसाठी स्टेमी प्रोजेक्ट आहे, त्यात पीएचसी-सीएचसीत ईसीजी काढतात, तो लगेच मशीनवरून पुढं जातो, जीएमसीच्या हार्टच्या डॉक्टरांशी संपर्क होतो आणि गुठळीमुळे झालेला अटॅक असला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथंच देतात, फुकट, बाहेर हेच इंजेक्शन हजारोंच्या घरात जातं. ते देऊन मग ॲम्ब्युलन्सने जीएमसीला नेतात. हे इंजेक्शन पहिल्या तासा-दोन तासांत मिळालं तर सगळ्यात चांगलं, बारा तासांनंतर फारसा उपयोग होत नाही. म्हणून जवळचं सेंटर गाठा. आपल्या जवळच्या कुठल्या सेंटरवर ही सोय आहे आणि रात्री पण आहे का, हे आज, सगळे ठणठणीत असताना विचारून ठेवा.

१०८ ला फोन करताना शांतपणे बोला. गावाचं नाव, वाडा, जवळची खूण, म्हणजे देऊळ, शाळा, बसस्टॉप, आणि गाडी दारापर्यंत येते की कुठपर्यंत येते ते सांगा. एका माणसाला बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यावर उभं करा, रात्री आमच्याकडच्या रस्त्यांवर फाटा चुकणं सोपं आहे. १०८ च्या मोटारसायकलवाल्या ॲम्ब्युलन्स पण आहेत, त्या आल्या तर हे काय पाठवलं म्हणून परत पाठवू नका, प्रथमोपचार त्यावरचा माणूस देतो, तोवर मोठी गाडी येते. आणि रेंजचं बघून ठेवा. आमच्या बाजूच्या कितीतरी गावांत अमुक खडपावर उभं राहिलं तरच फोन लागतो, ती जागा घरातल्या शाळकरी पोरांना सुद्धा माहीत पाहिजे.

साप, आणि काजूच्या दिवसांतला ताप

साप चावला तर दोरी घट्ट आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा कारण सूज येते, हात-पाय हलणार नाही असा फळीला नाहीतर काठीला सैल बांधा आणि निघा. माणसाला चालवू नका. साप मारून पिशवीत घालून आणायची पण गरज नाही, त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच इंजेक्शन चालतं. हॉस्पिटलात काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं तशीच न हलवता ठेवतात आणि रक्त गोठतं का बघतात, तेव्हा "काही करत नाहीत, नुसते बसवून ठेवलेत" म्हणून भांडू नका, ती तपासणीच आहे. गावठी औषध देणाऱ्यांवर माझा राग नाही, आपल्या आजोबा-पणजोबांना दुसरं काय होतं, पण घोणस चावल्यावर त्यांच्या अंगणात घालवलेला एक तास परत मिळत नाही.

आता माकडताप. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात हा ताप आला आणि पुढच्या वर्षी सत्तरीतच माणसं गेली. पहिल्यांदा हा रोग १९५७ ला कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला म्हणून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. रानातली गोचीड चावून होतो, आणि त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपला काजूचा सीझन. शहरातल्या माणसाला डॉक्टर सांगतील रानात जाऊ नका, पण ज्याचं वर्षाचं घर काजूवर चालतं त्याने जायचं नाही म्हणजे खायचं काय? म्हणून जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, आणि हेल्थ सेंटरवर गोचीड पळवणारं तेल मिळतं ते हाता-पायांना लावून जा. पाला-पाचोळ्यावर अंथरूण टाकून दुपारची झोप काढायची सवय सोडा. घरी आलं की अंगणातच कपडे काढून गरम पाण्यात टाका, साबण लावून आंघोळ करा, काखा, मांड्यांचा सांधा, गुडघ्यामागं नीट बघा.

मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, पुरायला जायचं नाही, लगेच हेल्थ सेंटरला किंवा वनखात्याला कळवायचं. आणि रानातून आल्यावर आठ-दहा दिवसांत एकदम जोराचा ताप, कपाळ फुटल्यासारखं डोकं, अंग मोडून येणं असं झालं तर सीएचसीत जाऊन पहिलं वाक्य हेच सांगा, "मी काजूत जात होतो". हे सांगितलं नाही तर साधा व्हायरल समजून घरी पाठवतील. मनाने ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या पेनकिलर घेऊ नका, या तापात रक्तस्राव होऊ शकतो. याच्यावर खास औषध नाही, पण वेळेत ॲडमिट झालं तर सलाईन, रक्त वगैरे देऊन सांभाळता येतं. ताप जाऊन आठवडा-दोन आठवड्यांनी काहींना तो परत येतो आणि तेव्हा डोक्यावर परिणाम होतो, बडबड, थरथर, तोल जाणं, म्हणून बरं वाटलं तरी लक्ष ठेवा.

पावसात शेतात उतरणाऱ्यांनी लेप्टोची (उंदरांच्या मुतामुळे खराब झालेल्या पाण्यातून होणारा ताप) गोळी सेंटरवर विचारून घ्या, पायाला भेगा-जखम असेल तर गमबूट घाला.

बांबोळीचा दिवस

जायचंच असेल तर आधी वार विचारून घ्या. मोठ्या हॉस्पिटलात एकेका युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात आणि तुमची फाईल ज्या डॉक्टरकडे आहे तो त्याच्या वारालाच बसतो, दुसऱ्या दिवशी गेलात तर बघतील पण नवीन माणूस पहिल्यापासून विचारत बसेल. पहिली बस पकडा. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर ते झाल्या झाल्या खायला भाकरी-भाजी डब्यात न्या, शुगरचा पेशंट उपाशी रांगेत उभा राहून चक्कर येऊन पडतो, मी बघितलंय. सोबत वाचता-लिहिता येणारं एक माणूस पाहिजेच, एकाने केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने पेशंटला सावलीत बसवायचं.

डॉक्टरशी बोलायला मिळणार दोन-तीन मिनिटं, त्यामुळे आदल्या रात्री वहीच्या पानावर लिहा, कधीपासून दुखतं, कधी वाढतं, आणि आपल्याला काय विचारायचंय ते. शेवटी हे नक्की विचारा: "पुढची तपासणी आमच्या वाळपईत होईल का, की इथंच यायला हवं?" हा प्रश्न विचारला नाही तर तुम्हाला सरळ पुढची तारीख देतात, आणि विचारला तर पुष्कळदा डॉक्टर लिहून देतात की रक्त तिकडे तपासा, रिपोर्ट घेऊन दोन महिन्यांनी या. औषधं आधी हॉस्पिटलच्या फार्मसीत बघा, तिथं नसतील तर जनऔषधीत, बाहेरच्या दुकानात सगळ्यात शेवटी. निघताना शेवटची कदंब बस किती वाजता ते डोक्यात ठेवा, संध्याकाळ झाली की काही गावांना नंतर काहीच नसतं.

शुगरचं थोडक्यात सांगते, कारण हे आता कोणाला नवीन नाही. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला त्यात देशात शहरांत १६.४ टक्के आणि खेड्यांत ८.९ टक्के लोकांना डायबेटीस निघाला, आणि सगळ्या राज्यांत गोवा पहिला, २६.४ टक्के. म्हणजे शुगर हा शहरातल्या लोकांचा आजार असं आपण तरी म्हणायला नको. तिशीनंतर सगळ्यांनी वर्षातून एकदा तपासा, सेंटरवर फुकट होतं. आणि चवथीच्या आधी महिन्याच्या गोळ्या घेऊन ठेवा, सणात ओपीडी बंद असते, घरात नेवऱ्या-मोदक असतात आणि गोळ्या नेमक्या तेव्हाच संपतात.

घरात गरोदर बाई असेल तर बारा आठवड्यांच्या आत नोंद करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, ती चुकवू नका. पहिल्या मुलाला सरकारच्या मातृवंदना योजनेचे ५००० मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६०००. तारीख जून-जुलैमधली असेल तर शेवटचे आठ-दहा दिवस वाळपई किंवा साखळीत कोणा नातेवाईकाकडे राहायला जा, रात्री झाड पडून रस्ता बंद झाला तर १०८ तरी काय करणार.

शहरात राहता म्हणून सुटलात असं नाही

झुआरीनगर, चिंबल, मडगाव-वास्कोच्या दाट वस्त्यांत हॉस्पिटल जवळ असतं, पण ओपीडी सकाळची आणि कामाची शिफ्ट पण सकाळचीच. एक खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे कापले. भाड्याची खोली, त्यामुळे पाच वर्षांचा पुरावा नाही, मग दीनदयाळ नाही. अशांनी दोन गोष्टी बघा. पहिली, गावाकडचं, म्हणजे कर्नाटक, महाराष्ट्र कुठलंही आयुष्मान कार्ड असेल तर ते देशभरातल्या यादीतल्या हॉस्पिटलांत चालतं, ते गावाहून मागवून घ्या. दुसरी, पगाराची स्लिप बघा. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि त्यातून ०.७५ टक्के ईएसआयचे (कामगार विम्याचे) कापले जात असतील तर तुम्हाला आणि घरच्यांना मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात उपचाराचा हक्क आहे, आजारपणाच्या रजेचे पण काही पैसे मिळतात. हॉटेलात, कारखान्यात काम करणारे कितीजण वर्षानुवर्षं पैसे भरतात आणि त्यांना हे माहीतच नसतं, याचं मला खरंच फार वाईट वाटतं. मालक सांगत नसेल तर स्वतः नंबर मागून घ्या. आणि ताप-खोकल्याला अर्बन हेल्थ सेंटर आहेच, पणजी, म्हापसा, मडगाव, वास्कोला.

मनाचा त्रास गावात पण आहे, शहरात पण आहे. झोप नाही, जीव नको वाटतो, दारू सुटत नाही, असं असेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी हेल्पलाईनला फोन करा, फुकट आहे, मराठीत-कोंकणीत बोलता येतं. बांबोळीला मनोविकारांचं वेगळं हॉस्पिटल पण आहे, तिथं जाणाऱ्याला नावं ठेवू नका.

डिस्चार्ज मिळाला की समरीच्या दोन झेरॉक्स काढा, एक फाईलला, एक सबसेंटरच्या सिस्टरला नेऊन द्या. तिच्या रजिस्टरमध्ये नाव चढलं की ती घरी येऊन बीपी बघते, टाके कधी काढायचे ते सांगते, आणि नुसती पट्टी बदलायला दोघांचं बसभाडं घालून परत बांबोळीला जायला लागत नाही.